पॅनेल आधी मागून बांधा: घरी बांधायच्या विमानाच्या वायरिंगबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरव्ही-९ए हे किटमधून घरी बांधायचं दोन आसनी विमान बांधताय, कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) सरकती आहे, फ्यूजलाज म्हणजे विमानाचं धड चाकांवर उभं आहे, इंजिन अजून खोक्यातच आहे. दोन दहा इंची स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं उपकरण) आणि ऑटोपायलट यांची ऑर्डर देण्याच्या बेतात आहात. आज दिवसाचं, डोळ्यांनी बघून करायचं उड्डाण. पुढे ढगांतून उडण्याचं रेटिंग घ्यायचा विचार. तयार वायरिंग केलेलं पॅनेल (पायलटसमोरचा उपकरणांचा फलक) एखाद्या दुकानाकडून घ्यावं की स्वतः करावं, आणि स्वतः करायचं तर सुरुवात कुठून?

माझं उत्तर आधी सांगतो. पॅनेलचा पत्रा बाहेरून कापून घ्या, वायरिंग स्वतः करा, आणि स्क्रीनची ऑर्डर आज देऊ नका. का, ते आता सविस्तर.

मी मूळचा सांगलीचा. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार आली की ते आधी वास घ्यायचे, मग टर्मिनलचा डबा उघडायचे. पुष्कळदा दोष वाइंडिंगमध्ये नसायचाच. ढिल्या नटाखाली काळवंडलेल्या लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यात, सापडायचा. ओहायोत आल्यावर मी आठ वर्षं खपून आरव्ही-७ए बांधलं, सहाशेच्या वर तास उडवलं, आमच्या ईएए (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) चॅप्टरमधल्या आणखी चार विमानांच्या वायरिंगला हात लावला. एवढ्या काळात स्क्रीन मेल्याचं मी एकदाच पाहिलं. ढिले लग, घासलेल्या वायरी आणि अर्धवट बसलेल्या पिना किती पाहिल्या याची मोजदाद नाही.

दुकानाचं तयार पॅनेल सुबक असतं. घरी बांधलेल्या विमानाचं ५१ टक्के काम स्वतःचं असण्याचा जो नियम आहे, त्याच्या हिशेबात एव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) जोडणीला फारसं वजन नाही, त्यामुळे नोंदणीत अडचण येणार नाही. पण विमानाला प्रमाणपत्र मिळालं की बांधणारा म्हणून तुम्ही एफएएकडे (अमेरिकेची विमान नियामक संस्था) रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे स्वतःच्या विमानाची तपासणी करण्याचा परवाना, मागाल आणि दर १२ महिन्यांची तपासणी स्वतः कराल. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नुसत्या नोंदणीसाठी २०१७ उजाडेपर्यंत झगडावं लागलं. आपल्याला इथे बांधण्याची मुभा आहे आणि देखभालीचा हक्कही. तो नीट बजावायचा तर कुठली वायर कुठून कुठे जाते हे स्वतःच्या हाताला माहीत हवं. घरापासून चारशे मैलांवरच्या धावपट्टीवर रविवारी संध्याकाळी रेडिओ बंद पडला, तर दुकानवाल्याची सुबक बंडलं समोर असतील आणि दुकानवाला नसेल. मधला मार्ग आहे: ऑडिओ पॅनेल आणि रेडिओ यांच्यामधलं किचकट हार्नेस (कनेक्टरसह बांधलेलं वायरींचं बंडल) तयार मिळतं, ते खुशाल विकत घ्या. बॅटरी, फ्यूज, स्विच आणि अर्थ मात्र स्वतः करा.

स्क्रीन थांबवायचं कारण साधं आहे. तुमचं इंजिन अजून खोक्यात आहे, म्हणजे पहिलं उड्डाण किमान दीड-दोन वर्षं लांब. तोवर वॉरंटी कपाटात संपेल आणि त्याच पैशात पुढचं मॉडेल आलेलं असेल. कापायच्या मापांची रेखाचित्रं कंपन्या फुकट देतात; पत्रा आखायला प्रत्यक्ष वस्तू लागत नाही.

मग आज काय करायचं? कागद घ्या आणि तक्ता करा. डाव्या रकान्यात विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू, पुढे ती किती अँपिअर घेते, ती सतत चालू असते की अधूनमधून, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न: ही हवेत मेली तर मी काय करणार? तो रकाना भरल्याशिवाय एकही भोक पाडू नका. पॅनेलची सगळी रचना त्यातून निघते. कुणाचं तरी चकचकीत पॅनेल पाहून स्क्रीन कुठे बसवायचे ते आधी ठरवलं, तर हा रकाना भरताना तुम्ही स्वतःलाच फसवाल. मी तसं केलेलं पाहिलं आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

या रकान्याची किंमत मला २०१९ च्या जुलैत कळली. ऑशकॉशच्या विमानमेळ्याला निघालो होतो, मिशिगन सरोवराचं दक्षिण टोक वळसा घालून गाठायचं होतं. इंडियानात असताना कमी व्होल्टेजचा दिवा लागला. आल्टरनेटर चालू असताना १४ च्या वर दिसणारे व्होल्ट १२.४ वर आले आणि हळूहळू उतरायला लागले. तक्त्यात या ओळीपुढे मी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं: पर्यायी फीड चालू, मास्टर (मुख्य स्विच) बंद, लँडिंग लाइटला हात नाही, जवळचं विमानतळ. तेवढंच केलं. वीस मिनिटांनी वॉलपरायझोला उतरलो तेव्हा बॅटरीत भरपूर जीव शिल्लक होता. आल्टरनेटरच्या फील्ड टर्मिनलला जाणारी बारीक वायर क्रिंपच्या, म्हणजे लग वायरीवर दाबून बसवलेल्या जोडाच्या, तोंडाशी तुटली होती. तो क्रिंप मी बांधणीच्या पहिल्या वर्षी साध्या पकडीने दाबला होता. सामानात नवा लग आणि चांगली पकड होती. अर्ध्या तासात काम झालं.

त्या पर्यायी फीडची रचना समजून घ्या, कारण तुमच्या विमानातही मी तीच सुचवणार आहे. बॅटरीतून जाड केबल मास्टर कॉन्टॅक्टरला (विजेवर चालणारा मोठा स्विच), तिथून मुख्य बसला, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीला. मुख्य बसवरून एका डायोडमधून दुसरी छोटी बस निघते, तिला एन्ड्युरन्स बस म्हणतात. या छोट्या बसवर घरी पोचायला लागतं तेवढंच: एक स्क्रीन आणि त्याचं सेन्सर, एक रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, पॅनेलचा मंद दिवा. हिला बॅटरीकडून एक स्वतंत्र वायर, फ्यूज आणि स्विचसह, थेट येते. आल्टरनेटर गेला की तो स्विच चालू करून मास्टर बंद करायचा. मुख्य बसवरचं सगळं एका फटक्यात गळतं. शिवाय मास्टर कॉन्टॅक्टरची कॉइल स्वतःच जवळपास एक अँपिअर खाते, तीही वाचते. मधल्या डायोडमुळे छोट्या बसची वीज उलटी मुख्य बसकडे जात नाही.

माझ्या छोट्या बसवर साधारण ५ अँपिअर भार आहे. बॅटरी ओडिसी पीसी६८०, छापील क्षमता १६ अँपिअर-तास. कागदावर तीन तासांहून जास्त भरतात, पण ही क्षमता वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या दराने मोजलेली असते. जोरात ओढलं की कमी मिळतं. म्हणून मी हँगरमध्ये प्रत्यक्ष भार लावून, घड्याळ लावून पाहिलं. ११ व्होल्टला यायला सव्वादोन तास लागले. दर वर्षी तपासणीच्या वेळी हीच चाचणी पुन्हा करतो आणि दीड तासाच्या खाली आली की बॅटरी बदलतो. तुमच्या टाक्यांत जेवढा वेळ उडायचं इंधन असेल, तेवढा वेळ छोटी बस चालावी असं काही जण म्हणतात. दिवसाच्या उड्डाणाला मला तेवढं आवश्यक वाटत नाही. ढगांतून उडायचं रेटिंग घेणार असाल तर मात्र दुसरा छोटा आल्टरनेटर व्हॅक्यूम पंपाच्या रिकाम्या जागेवर बसवायचा विचार आत्ताच करा. त्यासाठीची वायर आणि स्विचची जागा आज ठेवणं सोपं, नंतर अवघड.

ढगांबद्दल आणखी एक. तुमचे दोन्ही स्क्रीन एकाच कंपनीचे, एकाच सॉफ्टवेअरवर चालणारे. एक बिघडला तर दुसरा कामाला येतो, हे खरं. पण एखाद्या चुकीच्या अपडेटने दोन्ही एकदम गोठू शकतात. म्हणून वेगळ्या कुळातलं, स्वतःची बॅटरी पोटात असलेलं एक छोटं क्षितिजदर्शक उपकरण ठेवा. सव्वातीन इंचांच्या आसपासच्या जुन्या गोल भोकात बसतील अशी बरीच मिळतात. ऑटोपायलटवर पैसे घालण्याआधी यावर घाला.

इंजिन सुरू करताना स्टार्टर इतका करंट ओढतो की बसचं व्होल्टेज क्षणभर ९ च्याही खाली जाऊ शकतं. अशा वेळी स्क्रीन बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि नेमका तेलाचा दाब चढतोय की नाही हे बघायचं असतं तेव्हाच काळा पडलेला असतो. स्क्रीनसोबत बॅकअप बॅटरी मिळत असेल तर ती ऐच्छिक वस्तू समजू नका.

आता पॅनेलच्या मागच्या जागेबद्दल. सरकत्या कॅनपीत पुढचा वरचा पत्रा कायमचा रिव्हेट होतो. त्यानंतर पॅनेलमागे हात घालायचा तर पाठीवर झोपून, डोकं रडर पेडलपाशी ठेवून, टॉर्च दातांत धरून. पुढे उलटणाऱ्या कॅनपीत वरून हात पोचतो, त्याबदल्यात पावसाचं पाणी थेट उपकरणांवर गळायची भीती असते. तुमची अडचण पहिल्या प्रकारची आहे, आणि तो पत्रा अजून सुटा आहे ही तुमची मोठी कमाई आहे. वायरिंग पूर्ण होऊन, सगळं चालू करून, महिनाभर वापरून पाहीपर्यंत तो रिव्हेट करू नका. त्यातही दोन झाकणं कापून, स्क्रूने बसणारी करून ठेवा. आणि प्रत्येक उपकरण असं बसवा की ते पुढून, आसनावर बसून, स्क्रू काढून बाहेर ओढता येईल. त्यासाठी मागच्या बंडलाला एक वीतभर जास्तीची लांबी हवी. उपकरण मांडीवर येऊन कनेक्टर सुटेल इतकी. हार्नेस करताना ही जास्तीची लांबी वाया गेल्यासारखी वाटते; दुसऱ्या वर्षी ती नसती तर काय झालं असतं ते कळतं.

मांडणीसाठी जाड पुठ्ठा घ्या. पूर्ण मापाचं पॅनेल कापा, स्क्रीन आणि स्विचांची चित्रं छापून चिकटवा, फ्यूजलाजमध्ये लावा आणि आसनावर गादी ठेवून, पट्टे बांधून बसा. रोज अर्धा तास, पंधरा दिवस. डोळे मिटून इंधनाचा स्विच शोधा. रात्री दिवे घालवून बसा. तुम्ही डाव्या आसनावर असाल, स्टिक डाव्या हातात, थ्रॉटल उजव्या हातात. म्हणजे रेडिओ, फ्लॅप, ट्रिम हे सगळं उजव्या हाताच्या कक्षेत हवं. टचस्क्रीनवर भरवसा ठेवून गोल बटणं टाळू नका. उन्हाळ्याच्या दुपारी विमान उसळ्या मारत असताना बोट हवं तिथे पडत नाही. बटण मुठीत धरता येतं. माझ्या पुठ्ठ्यावर पहिल्या आठवड्यात फ्लॅप आणि बूस्ट पंपाचे स्विच शेजारी होते आणि दोन्ही एकाच आकाराचे. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून चुकीच्या स्विचवर हात गेला, तेव्हा ते वेगळे केले.

मांडणी पक्की झाली की रेखाचित्र संगणकावर काढून पत्रा यंत्रावर कापून घ्या. २०२४-टी३ जातीचा, ०.०६३ इंच म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. जड स्क्रीनच्या मागे कोन (एल आकाराच्या पट्ट्या) रिव्हेट करून ताठपणा आणा. घरी जिगसॉ आणि कानस घेऊन कापता येतो, मी पहिला तसाच कापला, पण दहा इंची चौकोनी भोकाचा कोपरा जरा हुकला की पूर्ण पत्रा जातो. इथे हट्ट नको.

वायर. मिल-डब्ल्यू-२२७५९/१६ या प्रतीची, टिनचा मुलामा असलेली तांब्याची आणि टेफझेलच्या आवरणाची, हीच घ्या. १५० अंश सेल्सिअसपर्यंत तिला काही होत नाही. गाडीच्या दुकानातली पीव्हीसी आवरणाची वायर स्वस्त असते, पण ती तापली की जो धूर निघतो तो बंद कॉकपिटमध्ये आगीच्या आधी माणसाला आडवा करतो. यावर मी वाद घालत नाही.

जाडीचा हिशेब दोन बाजूंनी करायचा. एक, फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. २२ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) वायरीला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १० हे एफएएच्या ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेतले ब्रेकरचे आकडे पाठ करून ठेवा. दुसरी बाजू म्हणजे व्होल्टेजची घट. १४ व्होल्टच्या व्यवस्थेत सतत चालणाऱ्या उपकरणाला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट त्याच मार्गदर्शिकेला मान्य नाही. पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या पंखावरच्या नळीवर बर्फ धरू न देणारा हीटर) घ्या: सुमारे १० अँपिअर, पंखापर्यंत १५ फूट वायर. १८ गेजच्या वायरीला फुटामागे साधारण ६.४ मिलिओहम, म्हणजे १५ फुटांना ९६ मिलिओहम, घट जवळपास एक व्होल्ट. फ्यूजच्या हिशेबात बसली, तरी घटीच्या हिशेबात नापास. १४ गेज घेतली की घट ०.४ व्होल्टच्या आत येते. असं प्रत्येक ओळीला करा. एका संध्याकाळचं काम आहे.

क्रिंपवर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं विमान त्याच्यामुळेच उतरलं होतं. चांगला क्रिंप म्हणजे वायरीच्या तारा आणि लगची नळी एकमेकांत इतक्या दाबून बसवणं की मध्ये हवा शिरायला जागाच राहू नये. त्याशिवाय लगच्या मागच्या टोकाने वायरीचं आवरणही धरायला हवं, म्हणजे कंपनाचा ताण उघड्या तारांवर येत नाही. यासाठी रॅचेटवाली पकड लागते, जी पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. लाल लग बारीक वायरींना, निळा १६ आणि १४ गेजला, पिवळा १२ आणि १० ला. रेडिओ आणि स्क्रीनच्या मागच्या डी-सब कनेक्टरना वेगळ्या, यंत्रावर कातलेल्या पिना आणि त्यांची चार बाजूंनी दाबणारी वेगळी पकड. ही पकड महाग आहे. चॅप्टरमध्ये विचारा, कुणीतरी उसनी देईल. पिन दाबली की तिच्या बुडाजवळच्या बारीक भोकातून तांबं दिसलं पाहिजे; नाही दिसलं तर वायर आत पूर्ण गेलेली नाही. कनेक्टरमध्ये पिन घालताना बारीक टिक ऐकू येते, त्यानंतर प्रत्येक वायर हलकेच मागे ओढून बघा. अर्धवट बसलेली पिन कनेक्टर जोडताना मागे सरकते आणि मग दोष कधी दिसतो, कधी नाही. असा दोष शोधण्यात माझे तीन शनिवार गेले आहेत.

पहिले पन्नास क्रिंप भंगार तुकड्यांवर करा. स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढा, करवतीने आडवे कापून भिंगाखाली बघा. झाळणकाम (सोल्डरिंग) वाईट नाही, पण झाळण वायरीत वर चढून तिला कडक करतं आणि ती कडक भाग संपतो तिथे कंपनाने तुटते. झाळायचंच असेल तर पुढच्या दोन इंचांना आधार द्या.

बंडलं मेणाच्या दोरीने गाठी मारून बांधा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या तात्पुरत्या वापरा. त्यांची कापलेली टोकं मनगटं सोलतात आणि घट्ट ओढल्या की आवरणात रुततात. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबराची कडी हवी. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांक, आणि त्याच क्रमांकाची वही. वडील मोटार उघडताना प्रत्येक टोकाला कापडाची चिंधी बांधून शाईने आकडा घालायचे. मी छापील हीट-श्रिंक वापरतो. पद्धत तीच.

अर्थिंग एकाच जागी आणा. फायरवॉलवर पितळेची पट्टी, तिच्यावर दोन्ही बाजूंना अर्थचे लग, आणि बॅटरी व इंजिन यांच्या जाड केबली त्याच बोल्टला. स्ट्रोब, पंप, दिवे यांना जवळच्या पत्र्यावर अर्थ केलं तरी चालतं. पण ऑडिओ, रेडिओ आणि इंजिनाचे सेन्सर यांना नाही. दोन वेगवेगळ्या जागी अर्थ केलं की त्या दोन जागांमधला सूक्ष्म व्होल्टेजचा फरक हेडसेटमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो आणि इंजिनाचा वेग वाढला की शिट्टी चढते. म्हणूनच मायक्रोफोन आणि हेडफोनचे जॅक पत्र्यापासून फायबरच्या वॉशरने अलग करायचे, आणि ऑडिओच्या वायरीवरची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची. अँटेनाला आरजी-४०० कोॲक्स केबल घ्या. ट्रान्सपॉन्डरच्या १०९० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियमचं पोट हीच अँटेनाची जमीन असते, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा. चुंबकीय दिशा दाखवणारा सेन्सर पंखाच्या टोकाकडे किंवा शेपटीकडे, लोखंडी स्क्रू आणि जास्त करंटच्या वायरींपासून लांब. बसवण्याआधी त्याच जागी साधं होकायंत्र धरा आणि दिवे, पंप, ट्रिम एकेक चालू करून काटा हलतो का ते पाहा.

फायरवॉलच्या पुढे तीन गोष्टी लोक हमखास चुकवतात. पहिली, कॉन्टॅक्टर. मास्टरचा आणि स्टार्टरचा दिसायला जुळे असतात, पण एक सतत चालण्यासाठी आणि दुसरा काही सेकंदांसाठी असतो. अदलाबदल झाली तर स्टार्टरचा कॉन्टॅक्टर मास्टरच्या जागी तापून जळतो. दोघांच्याही कॉइलवर डायोड लावा, पट्टा असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. नाहीतर कॉइल बंद होतानाची उलटी उसळी स्विचची तोंडं खाऊन टाकते. दुसरी, थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचे तापमान मोजणारे सेन्सर. एक्झॉस्टचं तापमान मोजणारे के जातीचे, सिलिंडरच्या डोक्याचे बहुधा जे जातीचे. त्यांच्या वायरी तांब्याच्या वायरीने वाढवायच्या नाहीत. त्याच जातीची जोड-वायर मिळते. आणि या अमेरिकी रंगपद्धतीत लाल वायर निगेटिव्ह असते. वर्षानुवर्षं लाल म्हणजे पॉझिटिव्ह अशी सवय झालेला हात इथे चुकतो. तिसरी, तेलाच्या आणि इंधनाच्या दाबाचे सेन्सर थेट इंजिनावर स्क्रू करू नका. जड सेन्सर कंपनाने फिटिंग तोडतो आणि गरम तेल एक्झॉस्टवर येतं. लवचीक होजने फायरवॉलवर आणा, इंजिनाकडच्या टोकाला बारीक छिद्राचं स्टीलचं फिटिंग ठेवा.

मॅग्नेटो (बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) वापरणार असाल तर त्याची पी-लीड, म्हणजे स्विचकडून येणारी बंद करायची वायर, लक्षात ठेवा. ती अर्थ झाली की मॅग्नेटो बंद, तुटली की कायम चालू. म्हणजे ही वायर तुटलेल्या विमानाचा पंखा हाताने फिरवला तर इंजिन पेटू शकतं, चावी खिशात असली तरी. हँगरमध्ये लहान मुलं येतात. दर उड्डाणानंतर इंजिन बंद करण्याआधी कमी वेगावर क्षणभर स्विच बंद करून ते खरंच मरतं का ते बघायची सवय लावा.

पिटो-स्टॅटिकची, म्हणजे वेग आणि उंची मोजणाऱ्या हवेच्या नळ्यांची, गळती घरी तपासता येते. स्टॅटिक छिद्राला नळी आणि मोठी सिरिंज लावून हळूहळू हवा ओढा, आल्टिमीटर १००० फूट चढू द्या, नळी चिमटा. मिनिटात १०० फुटांहून जास्त उतरता कामा नये. एकट्या स्टॅटिकमधून ओढलंत तर वेगमापक जवळजवळ १४५ नॉट दाखवेल, म्हणून टी जोडून पिटोलाही त्याच नळीवर घ्या. तोंडाने फुंकू नका, आणि सोडताना ओढलं त्याहून हळू सोडा. ट्रान्सपॉन्डरची दर २४ महिन्यांची चाचणी मात्र अधिकृत दुकानाकडूनच. ढगांतून उडायचं तर आल्टिमीटर आणि स्टॅटिकचीही त्यांच्याकडूनच, तेवढ्याच अंतराने.

पहिल्यांदा वीज सोडण्याच्या दिवशी घाई अंगाशी येते. सगळे कनेक्टर उपकरणांपासून सुटे, सगळे फ्यूज काढलेले. बॅटरी नको, करंटची मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय १ अँपिअरवर ठेवून जोडा. बॅटरी चूक झाली तर शेकडो अँपिअर ओतते, सप्लाय नुसता मान टाकतो. मग एक फ्यूज घाला आणि त्या ओळीच्या कनेक्टरवर पिन-पिन मोजा: वीज यायला हवी तिथे आली का, नको तिथे आली का, अर्थ अर्थलाच आहे का. वहीत खूण करा, पुढचा फ्यूज. सगळ्या ओळी झाल्यावर सप्लाय बंद करून एकेक उपकरण जोडा. माझे दोन पूर्ण दिवस गेले आणि तीन चुका सापडल्या. त्यातली एक स्क्रीनच्या डेटाच्या पिनेवर १२ व्होल्ट नेणारी होती.

वायर मागवण्याआधी भाराचा तक्ता आणि छोट्या बसचं चित्र मला पाठवा. शेवटचा रकाना रिकामा असला तरी चालेल, त्यावर आपण फोनवर बोलू. चॅप्टरचा टेक्निकल काउन्सेलर फुकट येऊन बघतो, त्याला पुठ्ठ्याच्या पॅनेलसमोर बसवा. आणि तो वरचा पत्रा क्लेकोवरच (रिव्हेटआधी पत्रा तात्पुरता धरणाऱ्या पिनांवरच) राहू द्या.